आठवडाभर चूल बंद

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा गेली दोन वर्षे खचत चालला होता. दिवाळीच्या सुट्टीत एकदाचा गवंडी मिळाला. ‘चार दिवसांत कडाप्पा बसवून देतो बघा,’ म्हणाला. ज्या भगिनींनी कधी घराचे काम काढले आहे त्यांना ठाऊक आहे, गवंड्याचे चार दिवस म्हणजे आठवडा. सिलिंडर गॅलरीत गेला, भांडी पोत्यात, मिक्सर पलंगाखाली. शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी चकल्या-शंकरपाळ्यांचा डबा देऊन ‘आमच्याकडंच जेवा की’ म्हणाल्या. पण पाच माणसांनी सात दिवस दुसऱ्याच्या घरी जेवायचे म्हणजे चांगला शेजार गमावण्याचा रस्ता. मग ठरले, आठवडाभर बाहेरच खायचे.

पाच माणसे म्हणजे आम्ही दोघे, अकरावीतला थोरला, सातवीतली धाकटी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच अम्मी म्हणतो. अडचण अम्मींची होती. वय सत्तरीच्या पुढे, लग्न होऊन कोल्हापुरात आल्याला पन्नास वर्षे झाली, आणि या पन्नास वर्षांत त्या हॉटेलात बसून कधी जेवल्या नव्हत्या. या गावाची चव त्यांना माहीत आहे ती पुडक्यातून घरी आलेली. ‘मेरे कू नको,’ त्या म्हणाल्या, ‘मैं दूध-पाव खाको रहती. तुम लोगां जाव.’ धाकटीने त्यांची चप्पल आणून पायाशी ठेवली आणि तो विषय तिथे संपला. दोन अटी मात्र त्यांनी घातल्या. ताटात काही टाकायचे नाही, आणि कुठले मटण आहे हे विचारल्याशिवाय खायचे नाही. पहिली अट पाळायला सोपी होती. दुसरीबद्दल पुढे लिहितेच.

सोमवारी सकाळी मिसळ. कोल्हापुरात दुसरी सुरुवात होऊच शकत नाही. उद्यमनगरातली फडतऱ्यांची, खासबागेची, कसबा बावड्याची, प्रत्येक घराची आपली निष्ठा असते आणि एकेका घरात दोन-दोन पक्ष असतात. आमच्याकडे हे खासबागेचे आणि थोरला फडतऱ्यांचा. त्या वादात न पडता मी सगळ्यांना घराजवळच्या एका साध्या हॉटेलात नेले, कारण अम्मींचे गुडघे.

पुण्या-मुंबईचे पाहुणे आपली मिसळ पहिल्यांदा पाहतात तेव्हा विचारतात, पाव कुठे आहे? इथे मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात. वाटीत मोड आलेली मटकी, बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. पण मिसळीचा सगळा जीव कटात. भाजलेले खोबरे, कांदा, लसूण आणि कांदा-लसणाची चटणी यांचा तो पातळ लाल रस्सा, वर तेलाचा तवंग. वाढपी भांडे घेऊन फिरत असतो, ‘कट वाढू का, कट?’ आणि दुसऱ्यांदा कट घेणाऱ्याकडे अजून कुणी भुवया उंचावून पाहत नाही.

‘मावशी, तिखट झेपंल का?’ वाढप्याने अम्मींना विचारले.

‘झेपंल की,’ अम्मी म्हणाल्या. घरात दखनी बोलणाऱ्या अम्मी दाराबाहेर पाऊल टाकले की अस्सल कोल्हापुरी मराठी बोलतात. दरवर्षी उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घेऊन डंकावर चटणी कुटून आणणारी ही बाई. तिला तिखटाबद्दल विचारणे म्हणजे पैलवानाला जोर येतात का विचारण्यासारखे. दोन चमचे खाऊन त्यांनी निकाल दिला: खोबरे जास्त भाजले आहे, लसूण हात राखून घातला आहे, आणि चटणी विकतची आहे. मग सगळी वाटी संपवली आणि कट मागितला.

आमच्या समोरच्या बाकावर सोलापूरकडून अंबाबाईच्या दर्शनाला आलेले एक कुटुंब होते. अम्मी बुरख्यात. त्यांना बघून त्या घरातल्या बाईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, ‘बसा की आजी’ म्हणाल्या. पाच मिनिटांत दोघींचेही नाक वाहत होते आणि चटणीत धने किती घालायचे यावर बोलणे सुरू झाले होते.

मिसळीचे हेच मला आवडते. आपल्या घरांना बाहेर खायचे म्हणजे आधी चौकशी आली. मटण कुठले, तेल कुठले, तळण वेगळे का? मिसळीपुढे बसल्यावर विचारण्यासारखे काही उरत नाही. जैन माणूस आपला कांदा-लसणाचा नियम पाळत असेल तर तेवढा तो उठतो. बाकी लिंगायत, मराठा, बौद्ध, मुसलमान सगळ्यांच्या डोळ्यांतून त्याच वाटीने पाणी काढलेले असते. दस्तरखान हा शब्द आपण घरापुरता वापरतो. या गावाचा कुठला दस्तरखान असेल तर तो त्या लांबट बाकांच्या मधले लाकडी टेबल आहे.

मंगळवारी ओट्याच्या कडेला लावायच्या टाइल्स बघायला बाहेर पडलो आणि भाऊसिंगजी रोडवर चहाला थांबलो. चहा सर्वसाधारण होता, त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. पण त्या रस्त्यावर बसून चहा प्यायचा आणि मुलांना गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगायची नाही, हे मास्तरणीला जमणारे नव्हते.

आपल्यापैकी अनेकांना ती माहीत असेल, तरी सांगते. गंगाराम कांबळे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या या माणसाचा सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लागला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना चाबकाने फोडले आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला मदत दिली. गंगारामांनी याच भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले, नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवू लागले. स्वतः चहा मागवायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही द्यायला लावायचे. राजाने प्यायल्यावर नाही कोण म्हणणार? पुढे त्यांनी गंगारामांना सोड्याचे यंत्रही घेऊन दिले.

याच राजाच्या काळात, १९०६ साली, इथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग त्यातून आले. माझे सासरे त्या बोर्डिंगमध्ये राहून शिकले. आमच्या घरात जी काही अक्षरे आली ती तिथून आली. त्यामुळे महाराज आमच्याकडे फोटोतले नाहीत, जवळचे आहेत.

गोष्ट ऐकून धाकटीने विचारले, ‘म्हणजे चहा प्यायला जाणं हे पण काम असतं?’

काम असतेच. ७ जून २०२३ रोजी या गावात जे झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कुणीतरी मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकाने फुटली, इंटरनेट बंद झाले. दगड एका दिवसात थांबले. त्यानंतर जे निरोप फिरले ते मात्र थांबले नाहीत: अमक्याकडून फळे घेऊ नका, तमक्याच्या बेकरीचे खाऊ नका. आणि खरे सांगायचे तर आपल्याही गटांत ‘आपल्यांकडूनच घ्या’ असे निरोप येतात, त्याला कुणीतरी हदीसही जोडून देतो. मी ते पुढे पाठवत नाही, पाठवणाऱ्याला तसे कळवतेही. शाळेच्या कोपऱ्यावर ज्यांची टपरी आहे त्यांच्याकडे आम्ही शिक्षिका पूर्वी जात होतो, तशाच त्या जून महिन्यातही गेलो. आमच्या मुख्याध्यापिका बाई पहिल्या दिवशी स्वतः पुढे होऊन गेल्या. कुणी भाषण केले नाही. पाच कटिंग मागवले, पैसे दिले, तास घ्यायला परत आलो.

बुधवारचे सांगण्यासारखे फार नाही. सकाळी गाड्यावरचा दावणगिरी लोणी डोसा, दुपारी बेकरीतली खारी, संध्याकाळी वडा. दावणगिरी आहे कर्नाटकात, पण त्या डोशाला कोल्हापूरने असे आपले केले आहे की इथल्या मुलांना तो परगावचा वाटत नाही. अम्मींनी डोशावरचा लोण्याचा गोळा बघून ‘माशाअल्लाह’ म्हटले आणि नंतर दिवसभर पाणी पिऊन काढला. थोरल्याचे म्हणणे पडले की बाहेरचे खाऊन तीन दिवसांत कंटाळा येतो. मी मनात आनंदले, पण तोंडाने काही बोलले नाही.

गुरुवारी तांबडा-पांढरा.

अम्मींची दुसरी अट इथे आली. पहिल्या हॉटेलात गेलो, मोठे, गाड्या लावायला जागा असलेले. ह्यांनी काउंटरवर जाऊन हळूच विचारले, मटण कुठून येते, हलाल असते का? काउंटरवरचा माणूस मोठ्याने म्हणाला, ‘आमच्याकडं असलं काय विचारत न्हाईत. जेवायचं असलं तर बसा.’ आसपासच्या चार टेबलांनी माना वळवल्या. थोरल्याचे कान लाल झाले. हे ‘बरं’ म्हणाले आणि आम्ही बाहेर आलो.

रस्त्यावर येऊन थोरला तणतणला, ‘कशाला विचारायचं पण? अंडा-राइस खाल्ला असता.’ त्याचे वय तसे आहे. पण त्याच्या बोलण्यातली कळ मला समजते. पूर्वी हा प्रश्न फक्त जेवणाचा होता. उपवास आहे म्हणून साबुदाणा मागावा, कांदा नको म्हणून सांगावे, तसा. आता तो तोंडातून निघाला की आपण कोण हे चारचौघांत जाहीर होते आणि समोरचा ते कसे घेईल याचा अंदाज बांधावा लागतो. काही घरांनी यावर उपाय म्हणून विचारणे सोडले आहे, काहींनी बाहेर जाणे सोडले आहे. मला दोन्ही पटत नाही. साध्या आवाजात विचारावे. उत्तर मनासारखे आले नाही तर शाकाहारी खावे किंवा दुसरीकडे जावे. विचारताना आवाज चढवू नये आणि न खाण्याचा बोभाटाही करू नये.

दुसरे ठिकाण म्हणजे एक खानावळ, सहा टेबले, भिंतीवर बैलगाडीचे चित्र. मालक स्वतः वाढत होते. ह्यांनी तेच विचारले. मालक म्हणाले, ‘आमचा खाटीक तुमच्यातलाच हाय, वीस वर्षं झाली. आमच्या बाऽनं लावून दिलेला. फोन लावून देऊ?’ फोनची गरज पडली नाही. अम्मी तोवर खुर्चीवर बसल्याही होत्या.

आता या वाक्यात नवल काहीच नाही, निदान आमच्या भागात तरी. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावगाड्यात मुलाणी होता, आणि बकरे कापण्याचा मान त्याचा. जत्रेला हिंदू घरातले बकरेसुद्धा मुलाण्याने बिस्मिल्लाह म्हणून कापल्याशिवाय चुलीवर चढायचे नाही, आणि त्या कामाचा मटणातला वाटा त्याला मिळायचा. माझे माहेर पन्हाळ्याकडचे. आमच्याकडे गावाच्या जत्रेला म्हाई म्हणतात. लहानपणी म्हाईच्या पहाटे मामा सुरी घेऊन निघायचे ते दुपारी यायचे, शर्टावर डाग, हातात वाट्याची पिशवी, आणि येतानाच चार घरच्या जेवणाची निमंत्रणे. संध्याकाळी सगळ्या गावाला एकच वास. २०२५ च्या मार्चमध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी ‘मल्हार’ नावाचे प्रमाणपत्र जाहीर केले. झटका मटण, हिंदू विक्रेते, आणि लोकांनी तिथूनच घ्यावे असे आवाहन. ज्याला झटका खायचे त्याने खावे, आपल्याला जसा हक्क तसा त्यालाही. पण गावगाड्याला शेकडो वर्षे जी सुरी चालली ती एका जाहीर कार्यक्रमात परकी ठरावी, याचे मला वाईट वाटते. आमच्या गावच्या म्हाईला त्यानंतरही मामाच गेले. आता त्यांचे हात थरथरतात म्हणून बरोबर मुलगा असतो.

असो, रस्सा निवतो आहे. पांढरा रस्सा ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते. मटण हळद-मीठ घालून शिजवले की जे पाणी निघते ते अळणी. त्यात नारळाचे दूध, वाटलेले तीळ, खसखस, काजू, आणि लवंग-दालचिनी-वेलदोड्याची फोडणी. उकळी मोठी आली की नारळाचे दूध फाटते, म्हणून मंद आच. तांबड्याला तेच अळणी, पण खोबऱ्या-कांद्याचे वाटण आणि चटणी. माझ्या मते पांढरा रस्सा हा आपल्या यखनीचा कोल्हापुरात वाढलेला भाऊ आहे. अम्मींना हे मान्य नाही. त्या म्हणतात यखनीत नारळ घालणाऱ्याला घरात घेऊ नये. पण त्यांनी पांढऱ्याच्या तीन वाट्या प्यायल्या आणि मालकांना सांगितले, ‘खसखस बरोबर हाय. तीळ जरा कमी करा.’ मालकांनी हात जोडले.

या गावाला मटण किती लागते याची बाहेरच्यांना कल्पना नसते. २०१९ च्या अखेरीस दर वाढला तेव्हा कोल्हापूरकरांनी चक्क आंदोलन केले, बैठका झाल्या, दर ठरवायला विक्रेते आणि ग्राहक समोरासमोर बसले. त्या बैठकांत दोन्ही बाजूंना सगळ्या समाजांची माणसे होती, आणि भांडण शुद्ध दराचे होते. असे भांडण कधीही परवडले.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर हे बिर्याणी घेऊन आले. आपल्याच एका बंधूंचा गाडा आहे. भोवती कॉलेजची पोरे उभी असतात, त्यांतली निम्म्याहून अधिक मुसलमान नसावीत. त्यांच्या गाड्यावर पूर्वी वडिलांचे नाव होते, मोठ्या हिरव्या अक्षरांत. वर्षापूर्वी ते काढून त्यांनी इंग्रजी वळणाचे एक नाव लावले, ज्यावरून मालक कोण ते कळू नये. ह्यांनी विचारले तेव्हा म्हणाले, ‘धंदा है भाई.’ मग हसून पुढे बोलले, बोर्ड बदलला, पण पैसे द्यायला मोबाईल लावला की नाव येतेच. ‘लेकिन तब तक पेट भर गया रहता.’

हे ऐकून हसू आले आणि मग दुपारभर डोक्यातून गेले नाही. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खानावळींनी मालकांची नावे ठळक लावावीत असा आदेश निघाला होता. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. जेवण कुठल्या प्रकारचे आहे एवढे लिहायला सांगता येईल, नाव लावण्याची सक्ती नको, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे असा आदेश नाही. पण इथे एक माणूस स्वतःच्या हाताने वडिलांचे नाव पुसतो. माझ्या वर्गात मी मुलांना निबंधाला विषय देते ‘माझे नाव’, आणि मुले किती अभिमानाने लिहितात, नाव कुणी ठेवले, अर्थ काय. त्यांतला एखादा पुढे गाडा टाकेल तेव्हा त्याने काय लिहावे असे मला वाटते? मी त्या बंधूंना दोष देत नाही. पोटापाण्याचा प्रश्न घरात बसून सोडवता येत नाही. पण बिर्याणी चांगली असेल तर नावासकट खपेल असे वाटणारे गिऱ्हाईक वाढवणे आपल्याही हातात आहे. म्हणजे आपण जेव्हा दुसऱ्याच्या हॉटेलात जातो तेव्हा तेही नाव वाचून न थबकता जावे, चौकशी फक्त ताटातल्या वस्तूची करावी.

बिर्याणीविषयी एक तक्रार मात्र आहे. तीन पुडकी आणली, त्यांत पाच माणसे जेवून भात उरला. हल्ली ढीग दिसावा म्हणून भात जास्त आणि मटण शोधावे लागते. अम्मींनी उरलेला भात गवंड्याच्या बिगाऱ्याला दिला.

शनिवारी संध्याकाळी खासबाग. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेले कुस्तीचे मैदान, शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. माझ्या थोरल्याने शाळेत असताना तिथल्या रंगमंचावर एका स्पर्धेत दोन वाक्ये म्हटली होती, त्यामुळे तो त्या जागेला आपली समजतो. आताही तिथून जाताना जळक्या भिंतीची बाजू त्याने बहिणीला दाखवली. खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ आहेच. चुरमुरे, फरसाण, कैरी असेल त्या दिवसांत कैरी, आणि ती चटणी. भेळ उभ्याने खायची असते. अम्मींना कट्ट्यावर जागा मिळाली.

इथेच मला एक गोष्ट पुन्हा दिसली. गल्लीत शंभर माणसे असतील तर मुली आणि तरुण बायका पुष्कळ, पण साठीच्या पुढची बाई एखादीच. साठीचे पुरुष मात्र जागोजागी, हातात पुडी घेऊन, निवांत. आपल्याच घरांचे हे आहे असे नाही, सगळ्या समाजांचे आहे. आयुष्यभर रांधून वाढलेल्या बाईने बाहेर काही खायचे तर ते मुलाने पुडक्यात आणून दिलेले, तेही गार झालेले. अम्मी म्हणाल्या, ‘गरम भेल पैली बार खाई.’ भेळ गरम नसते, पण त्यांना काय म्हणायचे होते ते आम्हाला कळले.

त्यानंतर सोळंकींकडे आइस्क्रीम. पाटीवर ‘कॉकटेल’ वाचून थोरल्याने मुद्दाम मोठ्याने विचारले, ‘दादी, कॉकटेल पियेंगे?’ अम्मींनी त्याच्याकडे जे पाहिले ते सांगून कळणार नाही. कोल्हापुरी कॉकटेलमध्ये शराबीचा संबंध नाही हे बाहेरगावच्या वाचकांसाठी स्पष्ट करते, नाहीतर संपादकांकडे पत्रे यायची. आइस्क्रीम, फळे, जेली, सुकामेवा असे सगळे एका ग्लासात. लांब चमचा तळाशी नेला की प्रत्येक वेळी वेगळे काहीतरी वर येते. हे समजावून सांगेपर्यंत अम्मींनी दोनदा ‘अस्तग़फ़िरुल्लाह’ म्हटले. ग्लास आल्यावर जेली बाजूला काढून बाकीचे संपवले. जेली कशाची असते हे मी त्यांना विचारू दिले नाही, कारण तोच प्रश्न मी आधीच काउंटरवर विचारून आले होते.

रविवारी रात्री गंगावेश. कोल्हापुरातल्या दूध कट्ट्याविषयी मुंबईच्या नातेवाइकांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर उभे, धार काढायची, फेसासकट ग्लास हातात द्यायचा. जवळ तालमी, म्हणून ही सोय पैलवानांसाठी रुजली, आणि मग सगळ्या गावाची झाली. दूध तापवलेले नसते, तेव्हा लहान मुले आणि नाजूक पोटाच्या माणसांनी जपून. धाकटीला मी दिले नाही, ती रुसली.

अम्मी माहेरी म्हशींच्या घरातल्या. त्यांच्या वडिलांच्या गोठ्यात चार म्हशी होत्या आणि लग्नापर्यंत धार काढायचे काम त्यांचे. कट्ट्यावर गेल्यावर त्यांनी आधी दुधाकडे नाही, म्हशीकडे पाहिले. कास पाहिली, शिंगे पाहिली, गवळ्याला विचारले, ‘कितवं वेत?’

‘तिसरं, आजी.’

‘सरकी घालतोस का?’

‘सरकी, पेंड, वैरण. सगळं.’

मग ग्लास घेतला. फेसाची मिशी पुसून म्हणाल्या, ‘पाणी न्हाई.’ गवळी म्हणाला, ‘तुमच्यासमोरच काढलं की ओ!’ आसपासची दोन तालमीतली पोरे हसली. हे पैसे द्यायला खिशात हात घालत होते, तेवढ्यात अम्मींनी बुरख्याच्या आतून आपला कापडी बटवा काढला, दोऱ्या सोडल्या, नोटा मोजल्या आणि गवळ्याच्या हातावर ठेवल्या. पाच जणांचे होतील एवढ्या होत्या. गवळी म्हणाला, चारच ग्लास झालेत.

‘पाचवा माझाच,’ अम्मी म्हणाल्या. ‘काढ अजून एक.’